शाळेत मुलांची ऑनलाइन सुरक्षितता: ही जबाबदारी नव्यानं घेणाऱ्या शिक्षकांसाठी

तास संपल्याची घंटा झाली होती. मुलं दप्तरं उचलून बाहेर पडली आणि मी एकेक संगणक बंद करत निघाले. नववीतला एक मुलगा शेवटच्या बाकावर रेंगाळत होता. माऊसची वायर बोटाभोवती गुंडाळत त्यानं विचारलं, "मॅडम, पाठवलेला फोटो परत घेता येतो का?" मी स्क्रीनकडे बघतच उत्तर दिलं, "सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण समोरच्यानं तोवर सेव्ह केला असेल तर उपयोग नाही." त्यानं मान हलवली आणि तो गेला.

आठ दिवसांनी त्याची मोठी बहीण शाळेत आली, तेव्हा सगळं कळलं. मुलीच्या नावानं उघडलेल्या एका खोट्या खात्यानं त्याच्याशी मैत्री केली होती, त्याच्याकडून खासगी फोटो घेतला होता, आणि "पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या वर्गाला पाठवतो" अशी धमकी दिली होती. त्यानं दोनदा पैसे पाठवले होते. आठ दिवस तो हे एकटा सोसत होता. आणि पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे आला होता.

माझं उत्तर बरोबर होतं, पण त्याचा प्रश्न मला ऐकूच आला नव्हता. म्हणून या लेखात फिल्टर, पासवर्ड, सेटिंग सगळं येईल, पण प्रत्येक ठिकाणी मी एकच गोष्ट तपासायला सांगेन: यामुळे मूल आपल्याकडे येऊन सांगेल, की लपवेल?

आधी माणसं ठरवा

हे काम बहुतेक शाळांत संगणक शिकवणाऱ्याच्या गळ्यात पडतं, कारण सगळ्यांना तो यंत्रांचा विषय वाटतो. तसं झालं असेल तर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांशी बसा आणि दोन नावं नक्की करा. एक मुख्य जबाबदार आणि एक त्यांच्या गैरहजेरीत. शक्य असेल तर एक बाई आणि एक सर, कारण काही गोष्टी मुलं एकालाच सांगू शकतात. मग अर्ध्या पानावर लिहा: मुलानं काही सांगितलं तर शिक्षक कोणाला कळवतील, त्याच दिवशी कळवतील, आणि नोंद कुठल्या वहीत होईल. ती वही कुलपात राहील आणि दोघांपलीकडे कोणी उघडणार नाही.

हे अर्धं पान शिपायांना, ग्रंथपालांना आणि बसमधल्या ताईंनाही समजावून सांगा. मुलं मनातलं बोलायला पदं बघून माणूस निवडत नाहीत.

मग शाळाभर फिरून यादी करा

वही घेऊन एक दिवस नुसतं फिरा. किती संगणक, किती टॅब, वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे, कोणत्या वर्गाचे कोणते ग्रुप आहेत, कोणत्या ॲपवर मुलांची नावं आणि जन्मतारखा भरल्या आहेत. ही यादी कधीच अपेक्षेएवढी छोटी निघत नाही. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकांची खाती अजून चालू असतात. वर्गाच्या ग्रुपची लिंक कुणीतरी कधीतरी पुढे पाठवलेली असते आणि ती अजून उघडी असते. शाळेच्या पानावर स्पर्धेतल्या विजेत्यांचे फोटो असतात, खाली पूर्ण नाव आणि तुकडी.

मला सगळ्यात अनपेक्षित सापडली ती एक 'प्रकल्प' नावाची सामायिक फाइल. वर्गात चॅट बंद होतं, म्हणून मुलांनी एका कोऱ्या दस्तऐवजात एकमेकांना लिहायला सुरुवात केली होती. बहुतेक मजकूर गमतीचा होता. पण मधल्या दोन पानांवर एका मुलीबद्दल जे लिहिलं होतं, ते ती स्वतः त्या फाइलमध्ये असताना लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी नव्या शिक्षकांना सांगते, जिथे दोन माणसं एकत्र लिहू शकतात ती प्रत्येक जागा गप्पांची जागा आहे. सामायिक फाइल, टिप्पण्या, खेळातला चॅट, चित्र काढायचा ऑनलाइन फळा, सगळं यादीत घ्या.

फिल्टर लावा, आणि त्याची मर्यादा ओळखा

ब्राउजरमध्ये पत्ता टाकला की यंत्र आधी एका नावनोंदीला विचारतं, या नावाचा आकडी पत्ता काय? या नावनोंदीला डीएनएस म्हणतात. सगळ्यात सोपा फिल्टर इथेच बसतो: ही नावनोंदी नकोशा नावांचा पत्ता द्यायला नकार देते. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही सेवा २०२० पासून मोफत मिळते आणि ती घातक व अश्लील संकेतस्थळं अडवते. राऊटरच्या सेटिंगमध्ये हा आकडा भरला की त्या राऊटरवरच्या सगळ्या यंत्रांना तो लागू होतो. गूगलचा सेफसर्च (शोधातले अश्लील निकाल लपवणारी सोय) प्रत्येक संगणकावर वेगळा लावत बसू नका, मुलं तो दोन क्लिकमध्ये काढतात. नेटवर्क बघणाऱ्या माणसाला सांगा, की गूगल शोधाचा पत्ता 'फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉम'कडे वळवायचा आहे. मग तो सगळीकडे कायम चालू राहतो. यूट्यूबचा प्रतिबंधित मोडही याच पद्धतीनं लागतो, आणि त्यात व्हिडिओखालच्या टिप्पण्या दिसत नाहीत, हा मला त्याचा मोठा फायदा वाटतो.

हा फिल्टर ओलांडता येतो. व्हीपीएननं, म्हणजे सगळी ये-जा दुसऱ्याच संगणकामार्फत वळवणाऱ्या ॲपनं येतो, ब्राउजरमध्ये सांकेतिक डीएनएस (ज्यात ही विचारणा शाळेच्या राऊटरला वाचता येत नाही) चालू केला तर येतो, आणि खिशातल्या फोनवरच्या मोबाइल डेटाला तर शाळेचा राऊटर माहीतच नसतो. म्हणून फिल्टर लावल्यावर "आता काळजी मिटली" असं पालकांना सांगू नका. लहान वर्गांत चुकून समोर येणाऱ्या गोष्टी तो थांबवतो, तेवढंच त्याचं काम आहे आणि ते तो चांगलं करतो.

दुसरी बाजूही बघा. फिल्टर फार कडक केला तर वयात येण्याबद्दलची माहिती, अत्याचार झाल्यास मदत कुठे मिळते, आत्महत्येचे विचार येत असतील तर कोणाशी बोलावं, ही पानंही अडतात. ज्या मुलाला त्या पानाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्यासमोर आपण 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी लावतो. म्हणून मुलाच्या लॉगिननं, मुलाच्या खुर्चीत बसून स्वतः तपासा. असे दहा-बारा शब्द शोधून बघा आणि मदतीची पानं मोकळी करा.

कोणत्या लॉगिननं कोणती पानं उघडली, याच्या नोंदी कोण वाचतं, हेही ठरवा. कोणी वाचणार नसेल तर त्या साठवून काही साधत नाही. आणि काय पाहिलं जातं ते मुलांना आधीच स्पष्ट सांगा. १९८९ च्या बालहक्क संहितेत मुलांच्या खासगीपणाचा हक्क आहे, आणि तो डिजिटल जगातही लागू होतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०२१ मध्ये स्वतंत्र टिप्पणी काढून मांडलं. गुपचूप नजर ठेवलेली मुलांना कळतेच, आणि त्यानंतर ती आपल्याकडे येत नाहीत.

खाती आणि पासवर्ड

प्रत्येक मुलाला स्वतःचं लॉगिन हवं. वर्गाला मिळून एकच खातं असेल तर वाईट काही लिहिलं कोणी, हे कधीच कळत नाही आणि संशय नेहमी त्याच दोन-तीन मुलांवर जातो. पासवर्ड म्हणून हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख देऊ नका, वर्गातल्या प्रत्येकाला त्या माहीत असतात. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले की लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड होतो. शिक्षकांच्या खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री) लावा, कारण गुण आणि पत्ते तिथे असतात.

मुलांशी यातली एक गोष्ट मोकळेपणानं बोला. जिवलग मित्राला पासवर्ड देणं हे त्यांच्यात मैत्रीचं प्रमाण मानलं जातं. मैत्री तुटली की त्याच खात्यावरून घाणेरडे मेसेज जातात. "देऊ नका" एवढ्यानं भागत नाही. "मैत्रीण मागत असेल तर नाही कसं म्हणायचं?" हे वाक्य त्यांच्याकडूनच तयार करून घ्या. माझ्या वर्गात एका मुलीनं सुचवलं, "मॅडम दर महिन्याला तपासतात, माझ्यावर येईल, असं सांगायचं." मी म्हटलं, खुशाल माझं नाव सांगा.

वयाचं एक खोटं फार महागात पडतं. बहुतेक सोशल मीडियावर खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात. हा आकडा आला अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून, ज्यानं १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला बंदी केली. आठ वर्षांच्या मुलानं "मी १३ चा" असं नोंदवलं, तर तो खरोखर १३ चा होईल तेव्हा ॲपच्या लेखी १८ चा असतो. मुलांसाठी ठेवलेली सगळी संरक्षणं त्या दिवशी गळून पडतात आणि अनोळखी प्रौढांना तो प्रौढ म्हणून दिसू लागतो. हे गणित फळ्यावर मांडून दाखवा, पालकसभेतही मांडा. आणि वर्गातल्या उपक्रमासाठी मुलांना जन्मसाल बदलून खातं काढायला कधीही सांगू नका.

फोटो आणि ग्रुप

फोटोच्या फाइलमध्ये तो केव्हा आणि अनेकदा कुठे काढला हेही लिहिलेलं असतं, अक्षांश-रेखांशासकट. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सगळी माहिती सोबत जाते. शाळेच्या कॅमेऱ्यात आणि फोनच्या कॅमेऱ्यात स्थाननोंद बंदच ठेवा. फोटोत ओळखपत्र, पत्ता, बसचा क्रमांक दिसत नाही ना, बघा. फोटो असेल तर पूर्ण नाव नको, पूर्ण नाव असेल तर फोटो नको. आता साध्या चेहऱ्याच्या फोटोवरूनही खोटं नग्न चित्र बनवणारी साधनं सहज मिळतात आणि ती वापरणारे अनेकदा त्याच वर्गातले असतात, म्हणून हा नियम पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा आहे. पालकांची संमती घ्याच, पण मुलालाही विचारा. नको म्हणालं तर कारण विचारू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मुलांचे नंबर असलेला वर्गाचा ग्रुप म्हणजे चाळीस मुलांचे फोन नंबर वाटून टाकणं. सूचना द्यायच्या असतील तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसणार नाहीत अशी सोय वापरा, किंवा ग्रुप पालकांचा ठेवा आणि फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं करा. शिक्षकांनी मुलांशी स्वतःच्या खासगी नंबरवरून एकट्यानं बोलू नये, हा नियम सगळ्यांना सारखा लावा. चांगल्या शिक्षकांना तो आधी टोचतो. त्यांना सांगा, रात्री मेसेज करणारे सर हे मुलाला नेहमीचं वाटू नये म्हणून आपण सगळ्यांनीच थांबायचं आहे.

मुलांना काय शिकवायचं

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, 'सेफर इंटरनेट डे' असतो. २००४ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी बाहेरचे पाहुणे बोलावून भाषण ठेवायला हरकत नाही, पण भाषणातून भीतीच जास्त उरते, आणि घाबरलेलं मूल चूक झाल्यावर बोलत नाही. दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं, ओळखीच्या शिक्षकाकडून, हे जास्त उपयोगी पडतं.

विषय ठरवताना युरोपातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेली चार भागांची विभागणी सोपी जाते: मुलाला काय दिसतं, मुलाशी कोण संपर्क करतं, मुलं एकमेकांशी कशी वागतात, आणि ॲप त्यांच्याकडून काय काढून घेतं, म्हणजे माहिती, वेळ, पैसे. आपण पहिल्या भागावरच सगळा वेळ घालवतो. वर्गातल्या सगळ्यात जास्त तक्रारी मात्र तिसऱ्या भागातल्या असतात.

दुसऱ्या भागासाठी माझा एक तास ठरलेला आहे. सहावीपासून पुढे घेते. फळ्यावर ही वाक्यं उलटसुलट लिहिते:

"तू या गेममध्ये फार भारी खेळतोस."
"किती वर्षांचा आहेस?"
"हे कॉइन माझ्याकडून."
"इथे नको बोलूया, दुसऱ्या ॲपवर ये."
"तुझा फोन रात्री कुठे असतो?"
"आपल्या दोघांतलं कुणाला सांगू नको."
"एक फोटो पाठव ना."

मुलांनी क्रम लावायचा आणि आपण कुठल्या वाक्याला थांबू तिथे रेघ मारायची. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांची रेघ फोटोच्या वर असते. मग मी विचारते, फोन रात्री कुठे असतो हे त्याला कशाला हवं? वर्ग शांत होतो. कुणीतरी म्हणतं, "आईबाबांना कळू नये म्हणून." रेघ वर सरकते. दुसऱ्या ॲपवर बोलावण्याचं कारण विचारलं की अजून वर सरकते. तास संपायच्या आत मी न विसरता आणखी एक वाक्य लिहिते: "फोटो पाठवून झाला असेल तरी सांगता येतं." ते फळ्यावर पुढच्या तासापर्यंत राहू देते.

धाकट्या मुलांना एवढं नको. "नको ते दिसलं तर स्क्रीन खाली कर, हात वर कर." टॅब उलटा ठेवायचा सराव एकदा खेळासारखा करून घेतला की ती खरोखर तसं करतात.

मूल सांगायला आलं, तर

ते सरळ येणार नाही. "माझ्या एका मित्राला…" असं सुरू होईल, किंवा माझ्या बाबतीत झालं तसा एखादा तांत्रिक प्रश्न येईल. हातातलं काम ठेवा, वळून बसा आणि म्हणा, "का रे, काही झालंय का?" एवढं पुरतं.

मग पहिली वाक्यं ठरलेली असू द्यात: "सांगितलंस हे बरं केलंस. तुझी चूक काढायला मी बसलेली नाही. आपण मिळून बघू." 'तू पाठवलासच कशाला?' हा प्रश्न गिळून टाका. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण ते मोडावं लागेल. म्हणा, "मदत करायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन आणि आधी तुला सांगेन." फोन काढून घेण्याची धमकी कधीच नको. मुलं गप्प राहतात त्यामागे फोन जाईल ही भीती फार मोठी असते. पालकांनाही हे आधीच पटवून ठेवा.

ऐकून झाल्यावर मुलाच्याच शब्दांत लिहून काढा. तारीख, वेळ, खात्याचं नाव. नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही उतरवून घ्या. धमकीचे आणि पैशाच्या मागणीचे स्क्रीनशॉट ब्लॉक करण्याआधी घ्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील, किंवा स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळत असेल, तर दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा. मग ॲपमध्ये तक्रार, आणि मग ब्लॉक.

पण मुलाचं नग्न किंवा लैंगिक छायाचित्र असेल तर त्या छायाचित्राला हातच लावायचा नाही. ते उघडून बघू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका, "पुरावा म्हणून मला पाठव" असं म्हणू नका, मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. अशी प्रतिमा जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं अनेक देशांत गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते मूल समोर बसलेलं असतं. काय आहे ते शब्दांत लिहा, फोन बंद न करता बाजूला ठेवा आणि पोलीस व बालमदत सेवेला कळवा. हे क्रमांक आधीच शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेले असावेत.

पैसे मागत असतील तर देऊ नका. दिले की मागणी वाढते, माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी वाढली होती. आणि मुलाला 'टेक इट डाउन' या मोफत सेवेबद्दल सांगा. अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ही सेवा २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी ती नाव न सांगता वापरता येते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून आपल्याकडची प्रत काढतात. सहभागी नसलेल्या ठिकाणी आणि खासगी सांकेतिक चॅटमध्ये (जिथला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही) याचा उपयोग होत नाही, हेही खरं सांगा. तरी "आता काहीच करता येणार नाही" असं समजून बसलेल्या मुलाला स्वतःच्या हातानं करण्यासारखं काहीतरी मिळतं, आणि त्या घटकेला त्याची फार गरज असते.

घरी कोणी सांगायचं, हे मुलाबरोबर ठरवा. बहुतेक वेळा "मी सोबत बसू का?" एवढं विचारलं की अर्धं ओझं उतरतं. घरातूनच धोका असेल तर मात्र घरी कळवण्याआधी बालसंरक्षण यंत्रणेशी बोला. त्रास देणारं मूल आपल्याच वर्गातलं असेल, तर त्याच्याशीही वेगळं, शांतपणे बोला. दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावू नका. त्यात ज्याला त्रास झाला तोच पुन्हा पणाला लागतो.

पुढचे दोन-तीन आठवडे त्या मुलावर लक्ष ठेवा. जेवणाच्या सुट्टीत कुठे बसतं, हजेरी कशी आहे. आपल्याला प्रकरण मिटलं वाटतं तेव्हा वर्गातली कुजबुज चालूच असते. जेवणखाण सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, तर त्याच क्षणी समुपदेशक आणि पालक, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.

दर सत्रात अर्धा तास

सत्राच्या सुरुवातीला यादी परत काढा. सोडून गेलेल्यांची खाती बंद, ग्रुपच्या लिंक बदललेल्या, वायफायचा पासवर्ड नवा, मदत क्रमांक चालू आहेत का ते स्वतः फोन लावून पाहिलेलं. मग वेगवेगळ्या वर्गांतल्या पाच मुलांना एकेकटं विचारा, "ऑनलाइन काही वाईट झालं तर शाळेत कुणाला सांगशील?" पाचांपैकी तिघांनी ग्रंथपालांचं नाव घेतलं, तर अर्ध्या पानावर दुसरं नाव ग्रंथपालांचं लिहा आणि त्यांच्याबरोबर बसून हे सगळं एकदा वाचून काढा.